दुसऱ्या प्रयत्नाचे गणित

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

परीक्षेत यश मिळविलेल्यांची छायाचित्रे या वार्षिकांकाच्या पहिल्या पानांवर छापली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे नाव कोणत्याच यादीत आले नाही अशांची संख्या दरवर्षी कितीतरी मोठी असते. त्यांच्याविषयी लिहायची वेळ आली की आपण एक तर सांत्वन करतो किंवा उपदेश करतो. प्रस्तुत लेखात या दोहोंना फाटा देऊन, कमी पडलेले गुण आणि त्यानंतरचा दुसरा प्रयत्न यांच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचा माझा विचार आहे. उदाहरणासाठी परीक्षा घेतली आहे ती पोलीस शिपाई भरतीची. मोशी, भोसरी, चिखली, चाकण या भागांतून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींत ती दिलेला एकही विद्यार्थी नाही, असा बाक सापडणे कठीण आहे. आणि दुसरे कारण असे, की ती मी स्वतः दिली आहे आणि पुन्हा देणार आहे.

परीक्षेचे स्वरूप बहुतेकांना ठाऊक आहे. प्राध्यापकवर्गासाठी थोडक्यात सांगते. आधी मैदानी चाचणी, ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर आणि गोळा ७.२६० किलोचा. मैदानात निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून, प्रवर्गनिहाय एका पदामागे दहा या प्रमाणात, लेखी परीक्षेला बोलावतात. लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन्ही गुणांची बेरीज होते आणि यादी लागते.

२०२४ साली झालेल्या भरतीत राज्यभरात १७ हजार ४७१ पदे होती आणि अर्ज १७ लाखांहून अधिक आले होते. म्हणजे एका पदामागे सुमारे शंभर. यावरून एक गोष्ट उघड होते आणि ती आपण बोलत नाही: या परीक्षेत निवड न होणे हा अपवाद नसून नियम आहे. शंभरांतील नव्याण्णव जण घरी परततात. घरी परतलेल्या प्रत्येकाला मात्र गल्लीत एकट्यालाच उत्तर द्यावे लागते.

माझे गुण सांगून टाकते, म्हणजे पुढील विवेचन हवेत राहणार नाही. मैदानी ३७, लेखी ५४, एकूण ९१. लेखीचा तपशील असा: मराठी व्याकरण १७, बुद्धिमत्ता १५, सामान्य ज्ञान १३, अंकगणित ९. माझ्या प्रवर्गातील यादी १०२ वर थांबली. अकरा गुण.

वडील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे परीक्षेचे शास्त्र समजावून सांगणारे घरात कोणी नव्हते. वडिलांनी ते आपल्या कामाच्या भाषेत समजावून घेतले. तपासणीत जॉब दोन प्रकारे नाकारला जातो, असे त्यांनी मला सांगितले. व्यास मापापेक्षा कमी झाला असेल तर तो स्क्रॅप. गेलेले मटेरियल परत येत नाही. व्यास जास्त राहिला असेल तर रिवर्क. पुन्हा लेथवर चढवायचा, तेवढेच काढायचे. “अकरा म्हणजे रिवर्क,” ते म्हणाले, “पण रिवर्कला पाठवायच्या आधी कुठे किती राहिलं ते टॅगवर लिहावं लागतं. नुसता जॉब परत पाठवला तर लेथवाला काय करणार?”

वडिलांची ही उपमा मला आवडली, तरी ती एका ठिकाणी तोकडी पडते हे नोंदवले पाहिजे. कारखान्यात माप ड्रॉइंगवर लिहिलेले असते आणि ते कोणासाठी बदलत नाही. भरतीची रेषा तशी नसते. ती त्या वर्षी, त्या घटकात, त्या प्रवर्गात किती जागा होत्या आणि इतरांनी किती गुण मिळवले यावर ठरते. दुसऱ्या प्रयत्नात मी १०२ मिळवले तरी रेषा १०२ वरच असेल याची कोणी हमी देत नाही. तेव्हा मागील यादीच्या शेवटच्या गुणाला ध्येय मानणे धोक्याचे आहे. तो आकडा केवळ दिशा दाखवतो.

आता मूळ प्रश्न. ५४ हा आकडा माझ्याविषयी नेमके काय सांगतो?

वडिलांच्या टेबलावर व्हर्निअर असतो, त्याचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर. एकच शाफ्ट त्यांनी तीनदा मोजला तर तीनही वेळा तोच आकडा येईल असे नाही. शेवटचा अंक हलतो. म्हणून महत्त्वाचा जॉब ते एकदा मोजून सोडत नाहीत. माणसाच्या बुद्धीचे मोजमाप याहून कितीतरी ढिले असते. चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली हा विचार गणिताच्या रूपात मांडला. परीक्षेत दिसणारा गुण म्हणजे खरा गुण अधिक त्या दिवसाची त्रुटी, असे त्याचे सार सांगता येईल. झोप, पेन, शेजारचा खोकला, नेमका कोणता प्रश्न आला आणि कोणता आला नाही, हे सारे त्या त्रुटीत मोडते.

यातील एक भाग तर मोजताही येतो. समजा, शंभरांपैकी वीस प्रश्न मुळीच येत नाहीत आणि गुण कापत नाहीत म्हणून अंदाजाने गोल रंगवले. चार पर्यायांत एक बरोबर, म्हणजे सरासरी पाच गुण मिळायला हवेत. पण प्रत्यक्षात पाचच मिळतात काय? संख्याशास्त्राने हिशेब केला तर पाचांपैकी साधारण चार वेळा हे गुण ३ ते ७ च्या दरम्यान पडतात, आणि एखाद्या वेळी त्याही बाहेर. मी आणि माझ्या धाकट्या भावाने हे घरी करून पाहिले. डब्यात चार चिठ्ठ्या, एकीवर खूण. वीसदा चिठ्ठी काढायची, दर वेळी परत टाकायची, खूण किती वेळा आली ते लिहायचे. असे दहा डाव झाले. आकडे आले ते असे: ४, ७, ५, ३, ६, ६, ३, ८, ५, ४. चिठ्ठ्यांना काहीच येत नव्हते, दहाही वेळा सारखेच येत नव्हते, तरी एकीकडे तीन आणि दुसरीकडे आठ. ज्या परीक्षेत अर्ध्या गुणावर शेकडो नावे वरखाली होतात, तिथे निव्वळ अंदाजाने चार-पाच गुणांचा फरक पडतो ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटली.

याचा अर्थ परीक्षा खोटी असा नव्हे. भावाने तसा अर्थ लगेच काढला होता. अकरा गुण केवळ नशिबाने कमी पडले असे म्हणायला हे गणित आधार देत नाही, चार-पाचांपर्यंत देते. उरलेले सहा-सात नशिबाच्या खात्यावर घालता येत नाहीत. परंतु ५४ म्हणजेच मी, असे समजण्यालाही त्यात आधार नाही. तो एका दिवसाचा, एका मोजपट्टीचा, हलणाऱ्या शेवटच्या अंकाचा आकडा आहे. निकालाच्या आठवड्यात घरात आणि दारात जे बोलले जाते त्यात हा फरक कोणी करत नाही. “हिला जमायचं नाही” हे वाक्य ५४ या आकड्यातून निघत नाही, हे मला मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी आल्यावर पुस्तकातून कळले. ते आधी कळले असते तर त्या आठवड्यात थोडे बरे वाटले असते, इतकेच.

आपल्याकडे दुसऱ्या प्रयत्नाची जी उदाहरणे दिली जातात ती बहुधा जिद्दीची म्हणून दिली जातात. मला त्यांत दुसरेच काही दिसते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकीकत शाळेत आपण सर्वांनी ऐकली आहे. दापोली तालुक्यातील मुरूडहून सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सतरा वर्षांचे कर्वे सोबत्यांबरोबर साताऱ्यापर्यंत, शंभराहून अधिक मैल, सह्याद्री ओलांडून पायी गेले. आणि तेथे ते वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. ही गोष्ट सांगताना भर नेहमी पायपिटीवर दिला जातो. पुढचे वाक्य घाईने उरकतात: पुढील वर्षी त्यांनी कोल्हापूरच्या केंद्रावरून ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. म्हणजे दुसऱ्या खेपेस त्यांनी केंद्र बदलले. शिपाईपदासाठी एका उमेदवाराला एकाच घटकात अर्ज करता येतो, आणि घटक कोणता निवडावा यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर जितकी चर्चा होते तितकी अंकगणितावर होत नाही. ती चर्चा अगदीच वायफळ नाही, हे कर्व्यांच्या हकीकतीवरून म्हणता येईल.

महात्मा गांधींचे उदाहरण याहून बोलके आहे. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असताना त्यांनी लंडनची मॅट्रिक्युलेशन परीक्षा दिली आणि ते लॅटिनमध्ये नापास झाले. १८९० च्या जूनमध्ये दुसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले. या दोन परीक्षांच्या मध्ये त्यांनी काय केले ते आत्मचरित्रात त्यांनीच सांगितले आहे. शास्त्रविषय म्हणून आधी रसायनशास्त्र घेतले होते, प्रयोगांच्या अभावी त्यात रस वाटत नव्हता. तो सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. राहण्याचा खर्च कमी केला, दोन खोल्यांऐवजी एक खोली घेतली, शेगडी आणून सकाळचे खाणे स्वतः करू लागले. लॅटिन पुन्हा केले, पण बाकीची मांडणी बदलली. नापास झाल्यावर आपण “अजून जास्त अभ्यास कर” असे म्हणतो. गांधींच्या दुसऱ्या प्रयत्नात ‘जास्त’ याच्या जोडीला ‘निराळे’ होते.

निराळे म्हणजे काय, याविषयी मानसशास्त्राने बरेच काम केले आहे. या लेखाचा अभ्यासाचा भाग खरे तर येथूनच सुरू होतो.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करायला आधीपेक्षा किती कमी वेळ लागतो ते मोजी. वाचलेल्या श्रमाचे प्रमाण २० मिनिटांनंतर ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्क्यांच्या आसपास आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के भरले. हा आलेख वर्गात दाखवतात तेव्हा सगळे म्हणतात, पाहा, माणूस किती लवकर विसरतो. माझे लक्ष मात्र त्या शेवटच्या २१ वर गेले. काहीही अर्थ नसलेली अक्षरे, महिन्यानंतर, एकही आठवत नाही असे वाटत असताना, पाचवा हिस्सा श्रम वाचवतात! मग अर्थ असलेला अभ्यास किती वाचवत असेल? दुसऱ्यांदा तयारीला बसणाऱ्याला वाटते की आपण पुन्हा शून्यावर आलो. एबिंगहाउसच्या मोजणीप्रमाणे शून्य फार दूर असते.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ सालचा, अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांदा वाचले. काही उतारे मिटवून ठेवून, जेवढे आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेले उतारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. पुन्हा वाचलेल्यांचे ४२ टक्के आठवले, आणि एकदा वाचून आठवून लिहिलेल्यांचे ५६ टक्के.

हे आकडे मी अभ्यासिकेत ज्यांना ज्यांना सांगितले त्यांना ते उलटे छापले गेले असावेत असे वाटले. कारण अभ्यासिकेतील सर्वमान्य पद्धत म्हणजे वाचणे, रेघा मारणे आणि पुन्हा वाचणे. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचे वाटते, डोळा सहज पुढे सरकतो आणि मनाला समाधान वाटते. ओळख पटणे आणि आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पण परीक्षेच्या तयारीला आपण ते लावत नाही. खरे म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही. आमच्या आजोबांना पावकी आणि निमकी येत होती. ती त्यांनी वाचून वाचून पाठ केलेली नव्हती. गुरुजींसमोर उभे राहून, पाटीकडे न पाहता म्हणून दाखवलेली होती. देहू आणि आळंदी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. तेथील भजनात उभ्या राहणाऱ्या कित्येक वृद्धांना अक्षरओळख नाही, तरी त्यांना अभंगांमागून अभंग येतात. पुस्तक हातात नसणे हीच त्यांची पद्धत.

आता माझ्या तयारीविषयी, कारण सिद्धांत सांगून थांबणे बरे नव्हे. लेखी परीक्षेच्या संध्याकाळी आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवले होते. उत्तरतालिका आल्यावर त्या वहीवरून प्रत्येक गेलेल्या गुणासमोर कारण लिहिले. कारणे तीनच ठेवली: माहीत नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, वेळ पुरला नाही. वडिलांच्या भाषेत हा टॅग. तो भरल्यावर अंकगणिताविषयीची माझी समजूत बदलली. सोळा गेलेल्या गुणांपैकी ‘माहीत नव्हते’ या रकान्यात फक्त पाच आले. सात ‘वेळ’ या रकान्यात होते आणि चार ‘आठवले नाही’ यात. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मराठी व्याकरणाचा प्रश्न पंधरा सेकंदांत होतो. नळ आणि टाकीचा प्रश्न दोन मिनिटे खातो. माझी मैत्रीण, जिला अंकगणित मुळीच आवडत नाही, तिचे त्या विषयात माझ्यापेक्षा अधिक गुण आले, आणि तिचे ‘वेळ’ या रकान्यात शून्य होते. तिने व्याकरण आणि बुद्धिमत्ता आधी उरकून अंकगणिताला सलग पस्तीस मिनिटे ठेवली होती. प्रज्ञा नव्हे, वेळापत्रक.

सामान्य ज्ञानाची गोष्ट वेगळी आहे. दुसरा प्रयत्न करणाऱ्याला येथे एक विचित्र अडचण येते, ती अशी की काही ज्ञान शिळे होते. राज्यातील नद्या, धरणे आणि घाट तेच राहतात. पण २०२४ च्या जूनमध्ये पाठ केलेले पुष्कळसे आज जसेच्या तसे लिहिले तर गुण जातील. आमची भरती चालू असतानाच, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे ‘तीनशे दोन’ हे कलम आता १०३ झाले. फसवणुकीचे ‘चारशे वीस’ तर शिवी म्हणून भाषेत राहील, कायद्यात ते ३१८ आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. आमच्या प्रश्नपत्रिकेच्या वेळी तो प्रश्नच अस्तित्वात नव्हता. पॅरिस ऑलिंपिकमधील कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांचे नेमबाजीतील कांस्यपदक ऑगस्ट २०२४ चे. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. म्हणून मी जुन्या वहीचे दोन भाग केले: न बदलणारे आणि बदलणारे. पहिला भाग आठवून लिहिण्यासाठी, दुसरा फाडून नव्याने करण्यासाठी. जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत घेणाऱ्या मित्रांनी इकडे लक्ष द्यावे.

आठवून लिहिण्याला कागद फार लागतो. वडील कारखान्यातून रद्दीत जाणारे पाठकोरे तपासणीतक्ते आणतात. भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा घरची चाचणीही गुरुवारी. वडिलांना गणित येते ते कामापुरते, पण उत्तर बरोबर की चूक हे उत्तरतालिकेवरून पाहणे त्यांच्या रोजच्या कामासारखेच असल्यामुळे ते मन लावून करतात. चुकलेल्या उत्तरावर ते लाल खडूने फुली मारतात, जशी कारखान्यात नाकारलेल्या जॉबवर मारतात. एकदा आईने त्यांना म्हटले, “अहो, पोरीच्या वहीवर तरी निळ्यानं मारा.” तेव्हापासून निळी फुली असते. गुरुवारचा दुसरा फायदा मैदानीचा. इतर दिवशी पहाटे पाचलाच पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग सुरू होते. गुरुवारी वसाहतीतील आतले रस्ते मोकळे असतात आणि ८०० मीटर एका दमात पळता येतात. आई चौकात मोबाइल घेऊन वेळ मोजत उभी राहते. मी काळोखात एकटी पळू नये म्हणूनही उभी राहते. पण ती वेळ मोजते असेच आम्ही म्हणतो.

दुसऱ्या प्रयत्नावरील लेखांत एक गोष्ट बहुधा सुटते. दुसरा प्रयत्न फुकट मिळत नाही. अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गाला ४५० रुपये आणि मागास प्रवर्गाला ३५०. ते कसेही जमवता येते. महाग असतो तो मधला काळ. दहावीच्या बाबतीत शासनाने हे ओळखले आहे. पूर्वी मार्चमध्ये नापास झालेल्यास ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली आणि त्याच वर्षी अकरावीत जाणे शक्य झाले. अभ्यासक्रम तोच, उत्तीर्णतेचे ३५ गुण तेच. कमी केले ते केवळ थांबणे. भरतीत असे वेळापत्रक नाही. २०२४ साली झालेली भरती २०२२-२३ च्या रिक्त पदांची होती. त्यानंतरच्या सुमारे १५ हजार पदांच्या भरतीला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि मग अर्ज मागवले गेले. मध्ये किती काळ जाईल हे आधी कोणालाच माहीत नसते. या काळात ज्याच्या घरी दोन पगार आहेत तो अभ्यासिकेत बसू शकतो. ज्याच्या घरी एकच आहे, तोही कंत्राटी, तो चाकणला हेल्पर म्हणून लागतो, आणि बारा तासांच्या पाळीनंतर ५४ सेकंदांचा प्रश्न त्याला तीन मिनिटांतही सुटत नाही. मी स्वतः बारावीनंतर एक वर्ष पॅकिंगच्या कामावर होते. पाळी सुटल्यावर पुस्तक उघडून बसलेल्या माणसाची काय अवस्था होते ते मी सांगोवांगीने लिहीत नाही.

प्रश्न वहीत उतरवणाऱ्या आम्हा चौघींपैकी एकीचे पुढच्याच मे महिन्यात लग्न झाले. एक वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीला आहे. ती म्हणते पगार वेळेवर मिळतो, आता पुन्हा मैदान नको. तिचा निर्णय मला कमी धैर्याचा वाटत नाही. रोडिगरचा प्रयोग तिलाही लागू पडला असता. फक्त त्यासाठी रोज दोन तास मोकळे हवे होते. उरल्या दोघी, मी आणि वेळापत्रकवाली.

शिपाईपदाला वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८ आणि मागास प्रवर्गासाठी ३३ वर्षे आहे. कागदावर पाहता माझ्यापुढे पुष्कळ वर्षे आहेत. घरची मर्यादा निराळी असते आणि ती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते. आमच्या घरी ती तिघांनी बसून ठरवली: बी. ए. पूर्ण होईपर्यंत. म्हणजे हा प्रयत्न नक्की, आणि मध्ये आणखी एक भरती निघाली तर तोही. काका म्हणाले, एवढी मुदत कशाला, आणि वडिलांनी त्यांना चिठ्ठ्यांचा डबा दाखवला. त्यांना तो कितपत पटला कोण जाणे, पण वीस चिठ्ठ्या त्यांनी काढल्या आणि त्यांचे सहा आले.

अर्ज भरून झाला आहे. गोळ्यात मागच्यापेक्षा बरी प्रगती आहे, शंभर मीटरमध्ये विशेष नाही. अंकगणिताच्या गेल्या चार गुरुवारच्या चाचण्यांत २५ पैकी १३, १६, १२ आणि १५ आले. शेवटचा अंक हलतो आहे.